दसरूजींची फिरती

माणसाला चालायचे पैसे मिळतात, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. शेजारचे रहांगडाले तलाठी ओट्यावर बसून सांगत होते, मी चहा पीत होते, आणि तो चहा सरळ माझ्या नाकात गेला. कोण देतं बापा असे पैसे, असं मी विचारलं. "मीच देतो," तलाठी म्हणाले आणि इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. महिन्याचे दोन हजार रुपये. आपल्या गुडघ्याला आराम, पोरांना समाधान, आणि दसरूजींना निवृत्तीत वरकमाई. तुम्हीही द्या.

आधी हे प्रकरण काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की बाईचं डोकं फिरलं.

माझी पोरगी पुण्यात, तलाठ्यांचा पोरगा हैदराबादला, आणि राइस मिलवाले गोवर्धनसेठ यांचा मुलगा बंगलोरला. तिघंही आमच्याच शाळेत एका वर्गात होती, मीच त्यांना भूगोल शिकवला. आता आमची वयं झाली, कोणाला साखर, कोणाला गुडघे, आणि चाला म्हटलं की आम्ही सगळे हो हो म्हणून आडवे होणारे. म्हणून त्या तिघांनी मिळून चार घड्याळं मागवली: सेठ, सेठाणी, तलाठी आणि मी. ती साधी घड्याळं नव्हती. आतच सीमकार्ड, जवळ मोबाईल नसला तरी चालतं. दिवसाची पावलं किती, हृदयाचे ठोके किती, माणूस आहे कुठं, हे सगळं तिकडे पोरांना बसल्याजागी दिसतं. मी पस्तीस वर्षं पोरांची हजेरी घेतली आणि म्हातारपणी पोरगी माझी हजेरी घेऊ लागली. मला अस्सा राग आला, की ते घड्याळ मी खोक्यातून काढलंच नाही.

सेठ माझ्यापेक्षा हुशार. त्यांनी ते घड्याळ मिलमधल्या धान गाळायच्या चाळणीला बांधलं. चाळणी दिवसभर थडथड हलते. दुपारपर्यंत सेठची साठ हजार पावलं झाली आणि बंगलोरहून फोन आला, "पापा, आप कहाँ पहुँच गए?" सेठ म्हणाले, "बेटा, यहीं हूँ, दुकान में." त्यांची पुरी फजिती झाली. त्यानंतर सेठना दसरूजी सुचले.

दसरू मडावी हे वनखात्यातले निवृत्त गार्ड. नोकरीची सगळी वर्षं नागझिऱ्याच्या जंगलात काढली आणि निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरी, म्हणजे आमच्या गावात, दोन खोल्या बांधून राहिले. अंगाने सुकलेल्या बांबूसारखे. नोकरीतली खाकी पँट, वर कोणताही शर्ट, खांद्यावर दुपट्टा, पायात बिनालेसचे कॅनव्हासचे बूट. रस्ता कितीही मोकळा असो, दसरूजी कडेच्या गवतातूनच चालायचे. मधून काऊन नाही चालत, असं विचारलं तर म्हणायचे, मधला रस्ता जनावराचा. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं सकाळी आमच्या गावावरून घरघरत फिरतात. गावातली लहान पोरंसुद्धा आता वर पाहत नाहीत. दसरूजी मात्र दर वेळी थांबायचे, विमान नजरेआड होईपर्यंत पाहायचे, आणि मगच पुढचं पाऊल टाकायचे.

माझी त्यांची ओळख जुनी. नोकरीत असताना एकदा मी नववीचा वर्ग घेऊन नागझिऱ्याला गेले होते आणि वाट दाखवायला हेच होते. साठ पोरं त्यांनी एका शब्दाने गप्प केली. मग माझ्याकडे वळले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "म्याडम, पोरं चूप आहे. तुमच्या चपला गंज बोलते." गंज म्हणजे आमच्याकडे खूप. पोरं फिदीफिदी हसली. माझा संताप झाला, पण बोलता येईना, कारण माणूस खरं बोलत होता. मी टाचा उचलून चालायला लागले तर म्हणाले, आता चपला कुजबुजते. शेवटी चपला हातात घेतल्या तेव्हा ते पुढे निघाले. त्या दिवशी आम्हाला एक अस्वल दिसलं. हे मी आजही मान्य करते की ते माझ्या अनवाणी पायांमुळे दिसलं.

तर असा हा माणूस तीन घड्याळं बांधून पहाटे फिरतो, हे ऐकून मी हबकले. इतका सरळ माणूस, आणि हे धंदे! मी जाब विचारायलाच गेले. ते अंगणात बसून दोन्ही मनगटं खोबरेल तेलाने चोळत होते, पट्ट्यांनी कातडी काचली होती. मी म्हटलं, दसरूजी, ही लबाडी आहे. लेकरांना फसवणं आहे.

त्यांनी तेलाची बाटली बंद केली. "लबाडी तुमची आहे, म्याडम," ते म्हणाले. "माझं चालणं खरं आहे."

आतून त्यांची बायको पार्बताबाई भिंत धरत धरत दारापर्यंत आली. तिचे दोन्ही गुडघे पार गेलेले. ती म्हणाली, मी जन्मभर मोहफुलं वेचली, तेंदूपानाचे गठ्ठे डोक्यावर आणले, कोण दिला मले चालायचा पैसा? बुढा मोकळ्या हातानं फिरून येते अन् सेठ त्याले पैसे देते. कलयुग म्हणतात ते हेच होय. असं म्हणून ती तोंडाला पदर लावून हसली, आणि तशीच उंबऱ्यावर बसली, कारण उभं राहवत नव्हतं. तेव्हा मला कळलं की ही वरकमाई कशासाठी आहे. नागपूरच्या डॉक्टरने गुडघे बदलायला सांगितले होते. पेन्शनीत घर चालत होतं, गुडघे बसत नव्हते. पैसे जमले की उन्हाळ्याच्या आधी ऑपरेशन करायचं ठरलं होतं. आमच्या न चालण्यावर पार्बताबाईचं चालणं उभं राहत होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझं घड्याळ त्यांच्या हातात दिलं. पार्बताबाईच्या गुडघ्यांचा पुळका म्हणून दिलं असं म्हणायला मला आवडेल. खरी गोष्ट अशी की मलाही पहाटे उठवत नव्हतं. माझ्या घड्याळाचा पट्टा जांभळा होता. दसरूजींनी तो आलटून पालटून पाहिला आणि निमूट डाव्या मनगटावर, सेठाणीच्या घड्याळाच्या वर बांधला.

त्यांची एक अट होती, आणि ती ऐकून मी पुन्हा चाट पडले. जंगलातल्या गार्डाला रोज आपला हद्दीचा तुकडा पायी फिरावा लागतो, तिला फिरती म्हणतात, आणि काय पाहिलं ते डायरीत लिहावं लागतं. दसरूजींनी ती सवय सोडली नव्हती. ते म्हणाले, तुमची फिरती मी करीन, पण काय पाह्यलं ते तुमाले ऐकून घ्या लागंल. पोरगी विचारंल, आई कुठं गेल्ती, काय दिसलं, तं तुमी काय सांगसान?

आणि ते खरंच रोज यायचे. सकाळी साडेसातला अंगणात उभे. बसा म्हटलं तर बसायचे नाहीत, साहेबापुढं फिरती उभ्यानंच सांगायची असते म्हणायचे. मग सुरू व्हायचे. आज म्याडम तुमी तलावाच्या पाळीनं गेलत्या. सांडव्याजवळ मुंगसाची जोडी आडवी गेली. परसाच्या झाडाखाली सापाची कात पडून होती, ताजी आहे, धामणीची. ढिवराच्या जाळ्यात आज फक्त बोटव्या, बारकी मच्छी, भेटल्या. वापस येताना तुमी जराशा दमल्या, पुलियावर टेकल्या.

"मी कायले टेकीन?" मी एकदा विचारलं.

"साठीच्या वर आहे ना जी तुमी," ते म्हणाले. "टेकाच लागते."

माणसागणिक त्यांची चाल निराळी असायची. चारही घड्याळांत सारखी पावलं कधी पडली नाहीत. सेठ जाडे, म्हणून सेठचं घड्याळ ते अर्ध्या वाटेत काढून दुपट्ट्यात बांधायचे. सेठाणीच्या एकादशीला सेठाणीची फिरती लहान. तलाठ्यांना ताप आला तेव्हा चार दिवस तलाठ्यांचं घड्याळ नेलंच नाही, आणि त्या चार दिवसांचे पैसेही घेतले नाहीत. सेठ त्यांना म्हणाले की अरे बाबा, इतकी तंगडतोड कशाला, घरी बसून नुसता हात हलवला तरी मशीन मोजते. दसरूजींना ते फार लागलं. खात्यात काही जण घरी बसून खोटी फिरती लिहीत, त्यांच्याशी ते कधी बोलले नव्हते, आणि आता सेठशीही आठ दिवस बोलले नाहीत. माझ्या कपाळाला हात लागला. खोट्या कामात इतका खरेपणा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

आणि माझ्या घरी त्यातून एक नवल घडलं. पोरगी पूर्वी रविवारी फोन करायची, औषधं घेतलीस का, ठेवते. आता ती रोज सकाळी फोन करू लागली. आई, आज काय दिसलं? मी मुंगूस सांगायची, कात सांगायची. ती खळखळून हसायची, तिला लहानपणचा तलाव आठवायचा. फोन ठेवायची घाई तिला राहिली नाही. रोज शेवटी एकच प्रश्न, सारस दिसले का? लहानपणी तिच्या बापाने तिला सायकलवर बसवून बांधीतली, म्हणजे धानाच्या खाचरातली, सारसाची जोडी दाखवली होती. आता ते पक्षी कमी झाले, आमच्या तलावावर तर दोन-तीन वर्षांत उतरले नव्हते. मी दसरूजींना म्हटलं की एक दिवस सांगून टाका ना दिसले म्हणून, पोरगी खूश होईल.

ते माझ्याकडे असे पाहत राहिले की मला आपल्या शिक्षकीची लाज वाटली.

"नाही दिसले तं नाही दिसले," ते म्हणाले. "दिसले का सांगीन."

आता जे सांगते ते सांगायला जीभ उचलत नाही, पण सांगायलाच हवं.

मार्गशीर्षातली गोष्ट. धान घरात आलं होतं, सकाळी धुकं पडत होतं. एक दिवस पोरगी फोनवर म्हणाली, आई, तुझे ठोके या आठवड्यात मधूनच फार वाढतात गं, चालून थांबलीस तरी लवकर उतरत नाहीत. डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, दाखवते. माझ्या छातीत काही होत नव्हतं. मी छान जेवत होते, छान झोपत होते. दोन दिवसांनी सांगून टाकलं की दाखवलं, सगळं ठीक आहे.

तेच तलाठ्यांच्या पोराने तलाठ्यांना सांगितलं. तलाठी घाबरट, त्यांनी ब्लडप्रेशर तपासून घेतलं, ते नेहमीसारखं निघालं. तेच बंगलोरहून सेठ आणि सेठाणीला सांगितलं. सेठ गोंदियाला जाऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून आले. पट्टी एकदम साफ. डॉक्टर म्हणाले, सेठजी, अजून वीस वर्षं काळजी नाही. सेठनी त्या आनंदात पेढे वाटले. पेढ्याचा एक पुडा दसरूजींनाही दिला. मी तिथं होते. दसरूजींनी अर्धा पेढा तोंडात टाकला, बाकीचे कागदात नीट गुंडाळून पार्बताबाईसाठी खिशात ठेवले, आणि म्हणाले, चांगलं झालं सेठ, दिल मजबूत आहे तुमचा.

चार माणसं. चौघांनाही कळलं की ठोके बिघडले आहेत. चौघांनीही आपापली छाती चाचपली आणि निश्चिंत झाले. ते ठोके कोणाचे आहेत, हा विचार एकाच्याही मनाला शिवला नाही. शिकलेली माणसं आम्ही! मी पोरांना नकाशावर बोट ठेवून नदी कुठं उगम पावते ते शिकवत आले, आणि हे मला कळू नये?

त्याच आठवड्यात दसरूजी फिरती सांगताना पहिल्यांदा माझ्या ओट्यावर बसले. मला ते दिसलं. कपाळाला घाम होता, थंडीत. काय झालं म्हटलं तर म्हणाले, वारं धरलं जी, ओवा खाल्ला का मोकळं होते. आणि मी बया काय म्हणाले असेन? मी म्हणाले, दसरूजी, दोन दिवस पावलं कमी पडत आहेत, पोरगी विचारते. ते हो म्हणाले, उद्या पुरी करतो म्हणाले, आणि गेले. हे वाक्य मला अजून रात्रंदिवस खातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी स्वयंपाकघरात चहा टाकला होता. फोन वाजला. पोरगी इतक्या जोरात ओरडत होती की आधी मला शब्दच लागेनात. आई, तू कुठं आहेस? बस खाली, हलू नकोस. तुझे ठोके दीडशेच्या वर आहेत आणि तू उभी आहेस एका जागी, माझ्या मोबाईलवर लाल पट्टी येऊन राहिली आहे. आई, बोल ना. मी म्हटलं, अगं मी घरी आहे, चहा करते आहे, मला काही झालेलं नाही.

"घरी नाहीस तू. तलावाच्या पाळीवर आहेस. मला नकाशात दिसते आहेस."

मी माझ्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. मी दार उघडलं तर समोर तलाठी लुंगीवर उभे, कानाला फोन. पलीकडे सेठ बनियनवर रस्त्यात आलेले, कानाला फोन, मागून सेठाणी. तिन्ही फोनमधून पोरं ओरडत होती आणि आम्ही चौघं एकमेकांकडे पाहत होतो, धडधाकट, रिकाम्या हातांचे. कोणी कोणाला काही सांगावं लागलं नाही.

"ती मी नाही, बाळा," मी फोनमध्ये म्हणाले. "ते दसरूजी आहेत. मी एक दिवसही चालले नाही."

मग ती म्हणाली, पळ.

सेठाणीने गाडी काढायला ड्रायव्हरला उठवलं, पण पाळीवर गाडी जात नाही. सांडव्यापासून पुढं पायवाटच आहे. तेव्हा सेठ, तलाठी आणि मी तिघं निघालो. कोण कसं चाललं, आठवत नाही. सेठ दर दहा पावलांवर हे राम म्हणत होते आणि थांबत नव्हते. माझे गुडघे, ज्यांच्या नावावर मी वर्षभर लोळले होते, ते मुकाट्याने चालत होते.

दसरूजी येनाच्या झाडाला टेकून बसले होते. समोर दुपट्टा पसरलेला. त्यावर दोन घड्याळं, सेठचं आणि तलाठ्यांचं, एकाशेजारी एक नीट ठेवलेली. सेठाणीचं आणि माझं घड्याळ डाव्या हातावर होतं, आणि माझ्या घड्याळाचा पट्टा ते उजव्या हाताने सोडवू पाहत होते, पण बोटं धरत नव्हती. चेहरा राखेसारखा झाला होता. मी गुडघ्यावर बसून विचारलं, हे काय करता आहात?

"काढून ठेवतो," ते म्हणाले. "पोराइच्या जिवाले घोर लागंल."

मी रडायला लागले. त्यांनी मान जराशी बांधीकडे वळवली. "म्याडम, पोरीले सांगजा. सारस उतरले."

मी पाहिलं. कापलेल्या धानाच्या बांधीत, धुक्यात, दोन उंच पक्षी उभे होते. लाल माना. एक चरत होता, एक आमच्याकडे पाहत होता. त्यांनी खोटी फिरती सांगितली नव्हती.

गोंदियाच्या दवाखान्यात दुपारी तीनच्या सुमारास दसरूजी गेले. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी कळलं असतं तर वाचले असते. आम्ही चौघं त्या बाकावर बसलो होतो. आम्हाला आठ दिवस आधी कळलं होतं, आमच्या पोरांना त्याच्याही आधी दिसत होतं. सेठनी तोंड ओंजळीत धरलं आणि तो पेढ्यांचा दिवस आठवून ते मोठ्याने रडले. मी एका मिलमालकाला असं रडताना पहिल्यांदा पाहिलं.

पार्बताबाई रडली नाही. तिला ठाऊक होतं की बुढ्याच्या छातीत धरते. दाखवा म्हटलं तर तो म्हणायचा, आधी तुयं ऑपरेशन होऊ दे, मग पाहू. तेराव्याला आम्ही तिघं तिच्या अंगणात जाऊन खाली मान घालून उभे राहिलो आणि म्हटलं की दोन्ही गुडघ्यांचं आम्ही करतो. ती म्हणाली, तेवढं नोका करू. त्यानं चालून ठेवलं आहे ते एका गुडघ्याचं आहे. एकच करीन. एका पायानं त्याच्या झाडापर्यंत गेली तरी पुरे. आणि खरंच तिने एकच केला. आज ती काठी घेऊन पाळीपर्यंत जाते. तिच्यासोबत रोज सकाळी आम्हीही जातो, सेठसुद्धा. घड्याळ कोणीच बांधत नाही.

पोरगी त्या आठवड्यात आली होती. माझ्यावर रागावेल म्हणून मी धसका घेतला होता. ती रागावली नाही. फक्त विचारलं, ते मुंगूस, ती कात, ते सगळं त्यांचं होतं? मी हो म्हटलं. मग तिने मोबाईल उघडून दाखवला. माझ्या नावाखाली वर्षभराचे ठोके, लहानमोठ्या रेघा, एकही माझी नव्हती. तिने ते पुसलं नाही, अजून जपून ठेवलं आहे. त्या दिवसाच्या पानावर ती थांबली. "आई, इथं सात वाजता पावलं थांबली आहेत. मग पुढं पुन्हा सोळाशे पावलं आहेत. ही कशी?"

ही आमची, मी म्हटलं.

तलावावरच्या ढिवराची खाट आणून आम्ही दसरूजींना तिच्यावर निजवलं होतं. एका पायाला ढिवर, एकाला सेठ, एकाला तलाठी, एकाला मी. धुकं होतं, पाळ अरुंद, आणि खाट वजनाने कमी पण आमच्यासाठी फार. त्यांचा डावा हात खाटेबाहेर लोंबकळत होता, आमच्या प्रत्येक पावलाबरोबर हलत होता, आणि माझं घड्याळ ते पाऊल मोजत होतं. डोळे मिटलेले होते. मला वाटलं शुद्ध गेली. सांडवा दिसायला लागला तेव्हा त्यांचे ओठ हलले. मी चालता चालता वाकले.

"म्याडम," ते म्हणाले, "तुमच्या चपला अजून बी गंज बोलते."

मी पायांतल्या चपला तिथंच पाळीवर काढून टाकल्या आणि पुढची वाट अनवाणी चालले. ते पुन्हा काही बोलले नाहीत. सांडव्यापर्यंत ते कान देऊन ऐकत होते, असं मला वाटतं.